गॅस संपत नाही, गळतो

उन्हाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांची पिशवी जड होते. या वेळी बहुतेक पत्रं एसी, फ्रिज आणि त्यांच्यातल्या गॅसबद्दलची आहेत. मी एका आयटीआयमध्ये तीस वर्षांहून जास्त काळ रेफ्रिजरेशनचा ट्रेड शिकवला, आता मिरजेत निवृत्त आयुष्य काढतोय, पण हा विषय काही सुटलेला नाही. म्हणून या महिन्याची सगळी जागा याच पत्रांना.

प्रश्न : आमचा दीड टनाचा स्प्लिट एसी चार वर्षांचा आहे. दुसऱ्या वर्षापासून दर एप्रिलमध्ये मेकॅनिक येतो, “गॅस संपलाय” म्हणतो, भरतो आणि पैसे घेऊन जातो. शेजारी म्हणतात, सगळ्यांकडे असंच असतं. खरंच दरवर्षी गॅस भरावा लागतो का? — एक गृहिणी, ठाणे

उत्तर : नाही, ताई. एकदाही भरावा लागू नये, असं ते यंत्र बनवलेलं असतं.

तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रिज किती वर्षांचा आहे? दहा, बारा? त्यात कधी गॅस भरलात? बहुधा नाही. फ्रिज आणि एसी, दोघांचं काम एकाच तत्त्वावर चालतं. फरक इतकाच, की फ्रिजच्या नळ्या कारखान्यातच झाळून बंद केलेल्या असतात आणि एसीच्या नळ्या तुमच्या भिंतीवर कुणीतरी पान्याने आवळलेल्या असतात.

गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो जळून खर्च होत नाही. विहिरीवरचा जुना रहाट आठवा. पोहरे रिकामे खाली जातात, पाणी भरून वर येतात, पाटात ओततात, पुन्हा खाली जातात. गॅस हा पोहरा आहे. खोलीतली उष्णता भरून घेतो, बाहेरच्या युनिटमध्ये ओततो, परत येतो. रहाटाला दरवर्षी नवे पोहरे लागत असतील तर आधीचे कुठेतरी तुटून पडताहेत, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या एसीला गळती आहे. ती शोधायची सोडून वर्षानुवर्षं वरून गॅस ओतला जातोय. कुठे असेल? पहिला संशय फ्लेअर नटवर, म्हणजे तांब्याची नळी जिथे पितळी नटाने युनिटला जोडलेली असते तिथे. नळीचं तोंड नीट फुलवलं नसेल किंवा नट वाजवीपेक्षा जास्त आवळून तडकला असेल, तर तिथून हळूहळू जातो. गॅसबरोबर कंप्रेसरचं थोडं तेलही बाहेर येतं, त्यामुळे त्या जागी धूळ चिकटून काळपट ओला डाग दिसतो. बाहेरच्या युनिटच्या बाजूचं झाकण काढायला लावा आणि तो डाग स्वतः बघा. दुसरा संशय आतल्या कूलिंग कॉइलवर. उघड्या नाल्याजवळच्या घरांत तांब्याची कॉइल काळी पडून तिला टाचणीच्या टोकापेक्षा बारीक भोकं पडलेली मी पाहिली आहेत. नाल्यातून येणारा कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू तांबं खातो.

आता मेकॅनिक आला की त्याला गॅसचा सिलिंडर आत आणू देण्याआधी थांबवा. आधी नायट्रोजन भरून दाब द्यायचा, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा कुठे येतो ते तुम्हाला दाखवायचं. जोड दुरुस्त करायचा. मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची. हे दोन मिनिटांत होत नाही, अर्धा तास तरी पंप चालू राहिला पाहिजे. आणि शेवटी गॅस काट्यावर तोलून भरायचा. किती भरायचा ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. जो माणूस वजनकाटा आणत नाही, नुसता नळीला हात लावून “झालं थंड” म्हणतो, त्याला पुन्हा बोलावू नका. याचे पैसे नुसत्या चार्जिंगपेक्षा जास्त होतील, पण एकदाच होतील.

पैशापलीकडचंही सांगतो, कारण मला ते जास्त लागतं. तुमच्या पट्टीवर बहुधा आर-३२ लिहिलेलं असेल. समजा, त्यात ८०० ग्रॅम गॅस आहे. आर-३२ हा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. म्हणजे तुमचे ८०० ग्रॅम ५४० किलोच्या बरोबरीचे. एक लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला ५० किलोमीटर जाणारी मोटारसायकल जवळपास पावणेबारा हजार किलोमीटर पळवावी तेव्हा तेवढा धूर होईल. पट्टीवर आर-४१०ए असेल तर हाच आकडा तिपटीवर जातो, कारण त्याचा गुणक, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या किती पट उष्णता धरतो तो आकडा, २०८८ आहे. घरात बसून, गाडी न काढता, फक्त एका सैल नटामुळे.

प्रश्न : आमच्या जुन्या फ्रिजवर “ओझोन फ्रेंडली” असं हिरवं स्टिकर आहे. बाबा म्हणतात, त्यात एचएफसी गॅस आहे, तो चांगला असतो. कॉलेजच्या पुस्तकात मात्र एचएफसी जगभर कमी करणार असं लिहिलं आहे. मग स्टिकर खोटं आहे का? — बारावी विज्ञान, लातूर

उत्तर : स्टिकर खरं आहे, पुस्तकही खरं आहे आणि तुझे बाबाही खरं बोलले. हे कसं, ते तुला वर्कशॉपमधल्या एका ज्योतीवरून सांगतो.

मी शिकवायला लागलो तेव्हा गळती शोधायला आमच्याकडे हॅलाइड टॉर्च असायचा. छोटा बर्नर, आत तांब्याची चकती, आणि बाजूला एक रबरी नळी. बर्नर पेटवला की तो त्या नळीतून हवा ओढून घेतो. नळीचं तोंड फ्रिजच्या जोडांवरून फिरवायचं. गळती नसेल तर ज्योत निळी. जरा गॅस ओढला गेला की ज्योत हिरवी, जास्त असेल तर जांभळट निळी. मुलं ती हिरवी ज्योत बघायला एकमेकांच्या खांद्यावरून वाकायची. त्या ज्योतीतून विषारी धूर निघतो, म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवाव्या लागत.

त्या काळी फ्रिजमध्ये आर-१२ असायचा, एसीत आर-२२. १९९० च्या दशकाच्या अखेरीला आमच्याकडे नव्या गॅसचा, आर-१३४ए चा, पहिला फ्रिज दुरुस्तीला आला. फिक्या निळ्या रंगाचा सिलिंडरही नवाच होता. फ्रिज थंड होत नव्हता, साबणाच्या फेसाला बुडबुडा येत होता, म्हणजे गळती उघड होती. मी टॉर्च लावला. ज्योत निळीच. चकती घासली, पुन्हा लावला. निळीच. मुलांना वाटलं टॉर्च बिघडला. टॉर्च बिघडला नव्हता. तो ज्याला ओळखायचा ते त्या गॅसमध्ये नव्हतंच.

ते म्हणजे क्लोरीन. तापलेल्या तांब्यावर क्लोरीन आलं की ज्योत हिरवी होते. आर-१२ हा क्लोरोफ्लुओरोकार्बन, म्हणजे सीएफसी. तो इतका स्थिर, की जमिनीजवळ त्याला कुणी मोडू शकत नाही. सुमारे शंभर वर्षं टिकतो. हळूहळू वर ओझोनच्या थरात पोचतो, तिथलं तीव्र अतिनील किरण त्याच्यातला क्लोरीनचा अणू सुटा करतं, आणि तो एक अणू ओझोनचे लाखभर रेणू मोडू शकतो. शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी हे १९७४ मध्ये मांडलं. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनमधली मोठी घट प्रसिद्ध केली, १६ सप्टेंबर १९८७ ला ओझोन खाणारे गॅस कमी करण्यासाठी माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये आला. रोलंड आणि मोलिना यांना पॉल क्रुट्झेन यांच्यासोबत १९९५ चं नोबेल मिळालं.

आर-१३४ए हा हायड्रोफ्लुओरोकार्बन, म्हणजे एचएफसी. त्यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला धोका नाही. शिवाय त्याच्या रेणूत हायड्रोजन आहे. त्या जागी हवेतले घटक त्याला पकडू शकतात, त्यामुळे तो चौदा वर्षांच्या आसपास मोडतो. माझी निळी ज्योत म्हणजेच तुझ्या फ्रिजवरचं हिरवं स्टिकर.

मग एचएफसी सगळीकडे पसरले. फ्रिज आणि मोटारींच्या एसीत आर-१३४ए, घरच्या एसीत आर-४१०ए आणि आता आर-३२, आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्ये आर-४०४ए. फ्रिजच्या भिंतीतला फोम फुगवायला एचएफसी, बँकेच्या सर्व्हर रूममध्ये आग विझवायला हॅलॉन या जुन्या, ओझोन खाणाऱ्या गॅसऐवजी एचएफसी-२२७. पण ओझोन वाचला तरी या गॅसांचा दुसरा गुण शिल्लक राहिला: ते उष्णता धरून ठेवतात. आर-१३४ए चा गुणक १४३०, आर-४०४ए चा ३९२२. म्हणून २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये रवांडातल्या किगाली इथे माँट्रियल करारालाच एचएफसी कमी करण्याची दुरुस्ती जोडली गेली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्याकडे २०२४ ते २०२६ या तीन वर्षांचा वापर हा पाया धरला जाईल, २०२८ मध्ये वापर गोठेल, २०३२ मध्ये पहिली १० टक्के कपात होईल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेव, कारण हल्ली लोक चटकन म्हणतात की “शास्त्रज्ञांनी आधीच चूक केली.” आर-१२ चा उष्णतेचा गुणक १०,९०० होता. त्याच्या जागी १४३० चा गॅस आला, म्हणजे ओझोन तर वाचलाच, वातावरणावरचा भारही हलका झाला. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार जगाच्या बहुतेक भागावरचा ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास. एचएफसी नसते तर हे इतक्या लवकर जमलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. आता त्यांचा वापर वाढत गेला, एसी घरोघरी आले, म्हणून पुढचं पाऊल टाकायचं. आजच्या बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए असतो. कंप्रेसरवर ज्वाळेचं पिवळं त्रिकोणी चिन्ह दिसेल. तो आयसोब्युटेन आहे, त्याचा गुणक जेमतेम ३. जळाऊ असला तरी घरच्या फ्रिजमध्ये लागतो किती? पन्नास-साठ ग्रॅम.

प्रश्न : वडिलांना दमा आहे. त्यांच्या इनहेलरवर “एचएफए” लिहिलंय. तोच गॅस आता बंद होणार असं वाचून ते घाबरलेत आणि पफ कमी घ्यायला लागलेत. — एक वाचक, सातारा

उत्तर : त्यांना आजच सांगा, पफ कमी करू नका. एचएफए म्हणजे औषधाच्या डब्यातला एचएफसीच, फक्त औषधवाले त्याला त्या नावाने ओळखतात. आधी इनहेलरमध्ये सीएफसी असायचा. तो काढताना सगळ्या देशांना वेगळी सवलत आणि मुदत दिली गेली, रुग्णाचा श्वास अडेल असं कुणी केलं नाही. किगालीची कपातही एकदम बंदी नाही, टप्प्याटप्प्याची आहे.

सीएफसीपेक्षा एचएफएचा फवारा मऊ आणि कमी गार लागतो, त्यामुळे जुन्या रुग्णांना वाटतं की औषध येतच नाही. येतं. डबी हलवून घ्यावी, आणि प्लास्टिकचं तोंड आठवड्यातून एकदा डबी काढून कोमट पाण्याने धुवावं, नाही तर ते बुजतं. गॅसच नसलेले कोरड्या पावडरचे इनहेलरही मिळतात, पण त्यांना स्वतः जोरात श्वास ओढावा लागतो. वडिलांना ते जमेल का, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

प्रश्न : बेदाण्यासाठी कोल्ड स्टोअरेज बांधतोय. एक पुरवठादार म्हणतो, अमोनिया जुनाट झाला, आधुनिक फ्रिऑन टाका. आर-४०४ए चं कोटेशन दिलंय. काय करावं? — एक द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : भाऊ, कोटेशन परत करा.

अमोनिया जुना आहे, पण जुनाट नाही. त्याने ओझोनला शून्य धोका आणि तापमानवाढही शून्य. एक किलो अमोनिया उकळताना जेवढी उष्णता उचलतो, तेवढी उचलायला आर-१३४ए सहा किलोच्या आसपास लागतो. म्हणून मोठ्या शीतगृहात वीजबिलाला अमोनियाच परवडतो. उलट आर-४०४ए चा गुणक ३९२२, म्हणजे बाजारातल्या नेहमीच्या गॅसांत अगदी वरच्यांपैकी. युरोपीय संघाने अशा गॅसवर चालणारी बहुतेक नवी शीतयंत्रं २०२० पासून विकायला बंदी घातली आहे. तुमचं शीतगृह पंचवीस वर्षं चालणार. दहा-पंधरा वर्षांनी त्यात भरायला गॅस कुठून आणि काय भावाने आणाल?

मात्र अमोनिया विषारी आहे, हे मी कधीच हलक्यावारी सांगणार नाही. त्याचा वास फार लवकर, फार कमी प्रमाणात येतो, हे त्याचं मोठं उपकार. पण वास आल्यावर काय करायचं हे ठरलेलं हवं. मशीन रूम वेगळी आणि हवेशीर असावी. गॅस डिटेक्टर, पाण्याचे फवारे, दाराबाहेर टांगलेला मास्क हवा. नळ्या लोखंडी हव्यात, कारण अमोनिया तांबं खातो. आणि शिकलेला ऑपरेटर, रात्रपाळीलाही. रात्रपाळीचा पगार वाचवायचा असेल तर मात्र अमोनिया घेऊ नका. फक्त दहा-बारा टन माल मावणारी छोटी खोली करायची असेल तर गणित वेगळं. तिथे कमी गुणकाच्या गॅसवर चालणारं तयार युनिट मागा, आणि गॅसचं नाव कोटेशनवर लिहून घ्या. नुसतं “फ्रिऑन” म्हणजे काहीच सांगितलं नाही. ते एका कंपनीचं व्यापारी नाव, त्याखाली किती तरी गॅस येतात.

प्रश्न : सर, मी आयटीआय करून एका दुकानात एसीचं काम करतो. एसी काढून दुसरीकडे लावायचा असेल तर मालक सांगतात, नट सैल कर, गॅस सोडून दे, तिकडे नवा भरू. गॅस काढून साठवणारं रिकव्हरी मशीन आमच्याकडे नाही. काही ठिकाणी जुन्या आर-२२ च्या एसीत स्वस्त पडतो म्हणून प्रोपेनही भरतात. मला ते बरोबर वाटत नाही, पण मी नवीन आहे. — एक तरुण मेकॅनिक, चिपळूण

उत्तर : तुला बरोबर वाटत नाही, हे वाचून बरं वाटलं. तुझ्या वयात मला कुणी सांगितलं नव्हतं. नळ्यांतली हवा घालवायला आम्ही आर-१२ च सोडायचो, आणि मी स्वतः ते मुलांना शिकवलं आहे. फुस्स आवाज थांबला की काम झालं, असं समजायचो. त्यातला बराचसा गॅस आजही वर आहे.

आधी प्रोपेनचं. ते अजिबात करू नकोस. आर-२९० म्हणजे प्रोपेन, गॅस म्हणून उत्तम, आपल्या देशात त्यावरचे एसी कारखान्यातून तयार होऊन विकले गेलेत. पण त्या यंत्रांत गॅसचं वजन खोलीच्या मापाने बांधलेलं असतं, स्विच आणि रिले ठिणगी बाहेर पडणार नाही असे असतात. आर-२२ च्या जुन्या एसीत हे काहीच नाही. हवेत प्रोपेन दोन टक्क्यांच्या थोडा वर गेला की ठिणगीने पेट घेतो. आणि पुढच्या वर्षी दुसरा पोरगा, पट्टीवर आर-२२ वाचून, निर्धास्तपणे त्या नळीवर झाळणीचा टॉर्च लावेल. त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आण. मालक कितीही म्हणोत, या एका कामाला नाही म्हण.

एसी हलवण्याचं म्हणशील तर त्याला रिकव्हरी मशीन लागतच नाही, कंप्रेसर चालू असला की पुरे. पंप डाउन कर. दाब मोजणारं गेज लाव, एसी कूलिंगवर चालव. बाहेरच्या युनिटवर दोन व्हॉल्व्ह असतात. बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद कर. कंप्रेसर आतला गॅस ओढून बाहेरच्या युनिटमध्ये कोंडायला लागतो, गेजचा काटा खाली येतो. शून्याजवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद आणि एसी लगेच बंद. काटा शून्याखाली जाऊ देऊ नकोस. आणि आधीच गळती असलेल्या एसीवर हे करू नकोस, तिथून हवा आत खेचली जाते; हवा, तेल आणि गॅस एकत्र दाबले गेले तर कंप्रेसर फुटू शकतो. या दोन अटी पाळल्यास, तर चार-पाच मिनिटांचं काम आहे.

आर-२२ चा तर एक ग्रॅमही सोडू नकोस. त्यात क्लोरीन आहे, थोडं का होईना ओझोन खातो, आणि आपल्याकडे तो २०३० पर्यंत संपवायचा आहे, म्हणजे भाव चढतच जाणार.

मालकांशी वाद घालू नकोस, नवीन आहेस. पुढच्या वेळी एसी हलवताना पंप डाउन कर, नव्या जागी बसवून, नळ्यांना व्हॅक्यूम देऊन दोन्ही व्हॉल्व्ह उघड आणि त्यांना बोलावून जाळीतून येणाऱ्या हवेचं तापमान दाखव. मग नवा सिलिंडर वजनकाट्यावर ठेव. त्यातून किती ग्रॅम काढावा लागला, ते त्यांनाच वाचायला सांग.